मिरग लागू द्या

एप्रिल संपत आला की आमच्या भागात सकाळी सहापासून कात्र्यांचा आवाज सुरू होतो. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. मुंबई-पुण्याकडे दिलेल्या मुली नातवंडांना घेऊन यायच्या असतात, कुणाकडे मुंज असते, कुणाच्या दारात मांडव पडायचा असतो. रंगारी भिंतीला शिडी टेकवून म्हणतो, हे झाड तेवढं आड येतंय. मग ऊन चढायच्या आत अंगण मोकळं करण्याची घाई उडते. नऊच्या सुमाराला फाटकांबाहेर फांद्यांचे ढीग दिसू लागतात. मेंदीच्या काड्या, बोगनवेलीचे काटेरी फाटे, कळ्यांसकट तोडलेल्या जास्वंदाच्या डहाळ्या आणि त्या सगळ्यांत डोळ्यांत भरणारे क्रोटनचे शेंडे. बाकीची पानं तासाभरात मलूल होतात. क्रोटनचं पान जाड, मेणचट. ते दुपारपर्यंत आपला लाल-पिवळा रंग धरून असतं. कापलेल्या टोकाशी आलेला दुधाचा थेंब मात्र तोवर वाळून गेलेला असतो.

त्या ढिगांपाशी माझी पावलं थबकतात. जास्वंद पुन्हा येईल. बोगनवेल तर दुप्पट जोमानं येईल, तिला कापलेलं मानवतंच. पण क्रोटनचा हातभर शेंडा म्हणजे त्या झाडाची दोन-तीन वर्षं असतात. हे झाड वर्षाकाठी वीतभर वाढतं, फार तर दीड-दोन वीत, आणि कुंडीत असेल तर त्याहूनही कमी. पाच मिनिटांत कापून टाकलेल्या त्या तुकड्यात दोन पावसाळे, दोन हिवाळे आणि नागपूरचे दोन उन्हाळे असतात. तिसरा उन्हाळा ऐन डोक्यावर असताना आपण ते कापतो.

जुन्या नागपुरात क्रोटन नसलेलं अंगण मला तरी आठवत नाही. धरमपेठेतल्या, रामदासपेठेतल्या बैठ्या बंगल्यांच्या पायऱ्यांना लागून, अजनीच्या रेल्वे क्वार्टरांच्या कुंपणाशी, सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या घरांपुढे गेरूनं रंगवलेल्या कुंड्यांत, महालातल्या एखाद्या वाड्याच्या चौकात तुळशीपासून चार हात दूर. क्रोटन देवाला वाहत नाहीत, त्याला वास नाही, त्याचा काढा होत नाही, फळ खाता येत नाही. फुलं येतात, पण ती कुणाच्या लक्षात येत नाहीत. पानांच्या बगलेतून एक बारीक लांब तुरा निघतो, त्यावर पांढुरके ठिपके असतात, आणि कित्येक जण तो तण समजून खुडून टाकतात. काहीही न देणारं हे झाड लोकांनी नुसतं पाहण्यासाठी लावलं. पैसे मोजून मोजून खर्च करणाऱ्या, नळाचं पाणी बादलीत धरून ठेवणाऱ्या माणसांनी लावलं. त्या पिढीबद्दल मला वाटणारं प्रेम या एका गोष्टीनं वाढतं.

ते आलं मात्र फार दुरून. इंडोनेशियातली मोलुक्का बेटं आणि तिथून पुढे पॅसिफिकमधली बेटं हे त्याचं माहेर. विषुववृत्ताच्या अगदी कुशीत, बारा महिने पंचवीस-तिशीच्या घरातली ऊब, हवेत सतत ओल, रात्र आणि दिवस यांत फारसा फरक नाही. तिथल्या आंबोन बेटावर सतराव्या शतकात डच कंपनीच्या नोकरीत जॉर्ज एबरहार्ड रम्फियस नावाचा एक जर्मन माणूस राहत होता. बेटावरची झाडं एकेक करून नोंदवायचं त्यानं मनावर घेतलं होतं, आणि क्रोटन त्या नोंदींत आहे. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली. १६८७ च्या आगीत त्यानं करवून घेतलेली चित्रं जळाली. पुन्हा काम उभं करून हस्तलिखित युरोपला पाठवलं, तर ते नेणारं जहाज बुडालं. सुदैवानं एक नक्कल मागे ठेवलेली होती. तो १७०२ मध्ये वारला आणि त्याचा ग्रंथ छापायला सुरुवात झाली १७४१ मध्ये. दृष्टी गेल्यावरही तीस वर्षं तो माणूस पानं हातात घेऊन, चाचपून, हुंगून, दुसऱ्याकडून लिहवून घेत राहिला. आपल्या दारातल्या झाडाच्या पहिल्या नोंदींमागे एवढी मोठी वाट पाहणं आहे, हे कळल्यापासून क्रोटनकडे बघताना मला तो आठवतो.

आंबोनचं हे झाड नागपुरात कसं राहत असेल? या शहरानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आणि २०१८ च्या डिसेंबरात ३.५ अंश. ज्याच्या जातीनं बेटांवरची सदाची ऊबच पाहिली, त्याच्या वाट्याला इतकं अंतर आलं. मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी होते की दोरीवरची ओली चादर पाहता पाहता कडक होते. पानांतलं पाणी त्याच वाटेनं जातं. मुळं ओढतील त्याहून जास्त पाणी पानं गमावू लागली की क्रोटन आपली खालची पानं सोडून देतं. एका सकाळी कुंडीभोवती लाल-पिवळा सडा पडतो. बघणाऱ्याला वाटतं, झाड गेलं. खरं तर झाड तेव्हा वाचायची धडपड करत असतं. जेवढ्या पानांना पाणी पुरेल तेवढीच ठेवायची, बाकीची सोडायची, असा त्याचा आतला हिशेब चाललेला असतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे क्रोटनच्या कुंड्या कूलरच्या खाली सरकतात. खिडकीबाहेर लटकवलेल्या त्या पत्र्याच्या पेटीच्या ओल्या ताट्यांमधून वारा आत जातो, घर थंड होतं, आणि बाहेर ताट्यांच्या कडेनं थेंब थेंब गळत राहतं. त्या गळतीखालचा दोन-तीन हातांचा ओलसर पट्टा म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातला आंबोनचा तुकडा. क्रोटन तिथे तग धरतं. एवढंच सांभाळायचं, की कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी कुंडीत ओतायचं नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि महिनाभरात पानांच्या कडा करपतात.

अशा वेळी त्याला कापायचं म्हणजे काय, हे मला आमच्याकडे येणाऱ्या माळीभाऊंनी समजावलं. ते कळमेश्वरकडचे. उमेदीची वर्षं संत्र्याच्या बागेत गेली, शहरात आले ते उतारवयात. शहरातल्या बागकामाची पुस्तकं त्यांनी वाचलेली नाहीत, पण त्यांच्या हातात संत्र्याची अख्खी शाळा आहे. संत्र्याची सल काढायची म्हणजे वाळलेल्या काड्या हिरव्या भागापर्यंत नेऊन कापायच्या. खोडावर सरळसोट वर पळणारे पानसोट वेळीच काढायचे. मोठ्या जखमेवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम लावायचं, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. हे त्यांना पाठ करावं लागत नाही. आणि ताण. मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडायचं, झाडाला तहानलेलं ठेवायचं, म्हणजे पाऊस येताच ते फुलावर येतं. नागपूरच्या चहूबाजूंच्या बागा या ताणावर चालतात.

एका मे महिन्यात मी त्यांना क्रोटन छाटायला सांगितलं. पाहुणे यायचे होते, झाड वेडंवाकडं दिसत होतं. त्यांनी कात्री काढली, झाडाभोवती फिरले आणि ती परत पिशवीत ठेवली.

“आत्ता काहून हात लावता याले, ताई? मिरग लागू द्या.”

मी म्हटलं, “भाऊ, संत्र्याला तर तुम्ही याच दिवसांत उपाशी ठेवता.”

“संत्र्याले ताण देतो तो फळासाठी. याले कोणतं फळ लागते? याचे पानच याचं सारं. तहानलेल्या झाडाले कापलं, तं ते काय घेऊन उठन?”

‘काय घेऊन उठन’ हे त्यांचे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. छाटणीचा सगळा विचार त्या प्रश्नात आहे. आपण कापतो तेव्हा झाडाकडे एक मागणी करतो: इथून फूट, नवी पानं दे, भरगच्च हो. ती मागणी पुरी करायला त्याच्याजवळ खोडात साठवलेलं अन्न हवं, मुळांशी ओल हवी, हवेत गारवा हवा, उरलेल्या पानांना सोसेल असं ऊन हवं. भराभर वाढणाऱ्या झाडाजवळ हे सगळं बहुतेक वेळा असतं, म्हणून त्याला कधीही कापलं तरी चालून जातं. सावकाश वाढणाऱ्याजवळ ते वर्षातून थोडेच दिवस असतं. आपलं काम ते दिवस ओळखण्याचं.

नागपुरात ते दिवस कोणते? उन्हाळा तर नाहीच. पण दुसरी एक वेळ आहे, आणि तिच्यात जास्त झाडं कापली जातात. दिवाळीची सफाई. घर झाडायचं, जाळी काढायची, भिंतीला चुना, फाटकाला ऑइलपेंट, आणि त्याच उत्साहात झाडांना कात्री. पावसाळाभर वाढलेलं क्रोटन तेव्हा अगदी भरात असतं, कापायला हात शिवशिवतात. कापलंही जातं. पण मग लगेच थंडी. रात्रीचा पारा पंधराच्या खाली उतरू लागला की क्रोटनची वाढ जवळजवळ थांबते. डोळे मिटलेलेच राहतात. कापलेली ठुसकी पौष-माघ तशीच उघडी उभी राहतात, फाल्गुनात कशीबशी फुटतात, आणि ती कोवळी फूट चैत्र-वैशाखाच्या उन्हाच्या तोंडी जाते. दिवाळीला कापलेल्या झाडाचा खरा सूड मे महिना घेतो, आणि आपण दोष देतो मे महिन्याला.

आपल्या सोयीच्या या दोन्ही वेळा झाडाच्या अडचणीच्या आहेत. माणसाच्या घरातले सण, सुट्ट्या, पाहुणे, रंगकाम एका पंचांगानं चालतं आणि झाडाचं आतलं जगणं दुसऱ्याच. रोहिणी नक्षत्रातला नवतपा सरतो, मृग लागतो, पहिले दोन-चार पाऊस पडून जमिनीतली वाफ निघून जाते, आणि मग कधीतरी आर्द्राच्या सुमाराला क्रोटनच्या शेंड्याशी बोटाच्या पेराएवढी पोपटी नोक दिसते. ती नोक म्हणजे त्याची परवानगी. माळीभाऊ ती पाहून मगच कात्रीला धार लावतात. तेव्हापासून पोळ्यापर्यंत छाटणी करावी, त्यापुढे नाही, असा त्यांचा दंडक आहे. पोळ्यानंतर फुटलेल्या फांद्यांना थंडीआधी पक्व व्हायला पुरेसे दिवस मिळत नाहीत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा निघाल्या, दुसऱ्या दिवशी मारबत गेली, की कात्री वर.

आमच्या अंगणातलं सगळ्यात जुनं क्रोटन सासूबाईंनी लावलेलं. अजनीच्या क्वार्टरमध्ये राहत असताना शेजारणीनं दिलेली काडी त्यांनी बदलीत सांभाळून आणली होती. लांब, अरुंद, मळसूत्रासारखं पीळ घेतलेलं पान, हिरव्यावर पिवळे शिंतोडे, आणि म्हातारं होताना तांबूस होणारं. त्यांनी त्याला कधी कात्री लावू दिली नाही. त्या गेल्यावर आम्हीही लावली नाही. गेलेल्या माणसाच्या हातचं झाड छाटायला हात धजत नाही. त्यांनी पाहिलेली फांदी, त्यांनी पाणी घातलेलं खोड. आपण तिथे काय कापणार? अशी वर्षं गेली. झाड खिडकीच्या वर गेलं. खाली दोन-अडीच हात नुसती उघडी खोडं, सालीवर गळालेल्या पानांचे व्रण, आणि पार वर पानांचा झुबका. वारं आलं की सगळं झाड कलायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, फार जुनं दिसतंय. सुंदर दिसतंय असं कुणी म्हणत नव्हतं.

न कापणं ही माया आहे असं मला तोवर वाटत होतं. पण आता मला तसं वाटत नाही. सावकाश वाढणाऱ्या झाडाला कधीच न कापणं हेही त्याला एकटं टाकणंच आहे. जंगलात त्याची फांदी वाऱ्यानं मोडते, वरून दुसरं झाड कोसळतं, जनावर घासून जातं. तिथे त्याला कुणीतरी छाटतच असतं. अंगणात त्याला आपण सगळ्यांपासून वाचवलं. मग वारा आणि जनावर जे करतात, ते विचारानं करायची जबाबदारी आपल्याकडेच येते.

शेंडा कापल्यानं खालून फूट का येते, याचं कारण वनस्पतिशास्त्रानं फार छान उलगडलं आहे. शेंड्यात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि खोडातून खाली उतरत राहतं. जोवर ते उतरतंय तोवर पानांच्या बगलेतले डोळे निजलेले राहतात. पान गळून गेलं तरी डोळा तिथेच, सालीखाली, कित्येक वर्षं. शेंडा गेला की वरून येणारा हा निरोप थांबतो आणि कापाखालचे दोन-तीन डोळे एकदम जागे होतात. सासूबाईंच्या क्रोटनच्या उघड्या खोडावरचे ते सगळे व्रण मी तोवर वय म्हणून पाहत होते. पण प्रत्येक व्रणाच्या वर एक एक डोळा थांबून होता.

त्या खोडांना थेट कापायचं नव्हतं. माळीभाऊंनी गुटी बांधायचं ठरवलं. आषाढात, पाऊस लागून राहिलेला असताना, पानांच्या झुबक्याखाली सालीचं बोटभर रुंदीचं कडं चाकूनं सोलून काढलं. दूध भळभळलं. ते ओल्या फडक्यानं टिपत राहिले आणि मला म्हणाले, डोळ्याले हात नका लावू. क्रोटन एरंडाच्या कुळातलं, त्याचा चीक कातडीला झोंबतो आणि कपड्यावर पडला तर डाग जात नाही. सोललेल्या जागेवर भिजवून पिळलेलं शेवाळ मुठीनं दाबून बसवलं, त्यावर प्लास्टिकचा कागद, दोन्ही टोकांना सुतळी. मग वाट पाहायची. सालीतून खाली जाणारं अन्न त्या कड्याशी अडतं, तिथे साठतं, आणि ओल मिळाली की त्याच जागी मुळं फुटतात. झाड उभ्याउभ्याच, हवेत, आपलं दुसरं झाड तयार करतं. काही आठवड्यांत प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसू लागली. मग गुटीच्या खाली कापलं. वरचा झुबका नव्या कुंडीत गेला, सगळ्या पानांसकट, आणि खाली राहिलेल्या खोडाला प्रथमच मोकळं आकाश मिळालं.

सगळी खोडं एकदम नाही. एका पावसाळ्यात एक, पुढच्या पावसाळ्यात दुसरं. एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घ्यायचं नाही, हे भाऊंचं आणखी एक सांगणं. राहिलेली पानं कापलेल्याला पोसतात. साध्या छाटणीतही त्यांचा हात असाच चालतो. आधी वाळकं काढायचं, मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांतली एक, आणि शेवटी उंची. काप नेहमी डोळ्याच्या जरा वर, थोडा तिरका, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबत नाही. सिकेटरची पाती स्पिरिटनं पुसलेली. चिकाची धार ओल्या फडक्यानं टिपायची, ती आपोआप थांबते. आणि कापल्यावर लगेच शेणखताचा मारा करायचा नाही, पाणीही नेहमीपेक्षा कमीच द्यायचं. पानं कमी झाली, म्हणजे तहानही कमी झाली. आपलं मन मात्र उलटं चालतं. ज्याला दुखावलं त्याला जास्त खाऊ घालावंसं वाटतं. चिखलात उभी राहिलेली मुळं त्या प्रेमानं कुजतात.

मग जो काळ येतो तो मला सगळ्यात प्रिय आहे. तीन-चार आठवडे काही दिसत नाही. कापाच्या खाली सालीवर एक उंचवटा, मग त्याला चीर, मग पोपटी टोक. जगदीशचंद्र बोसांनी झाडाची वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवलं होतं, ते झाडाची हालचाल दहा हजार पटींनी मोठी करून दाखवत असे. त्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करते. आपल्याजवळ यंत्र नाही, पण रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्याच एका डोळ्याकडे पाहायला गेलं की साध्या डोळ्यांनाही वाढ दिसू लागते. काल बंद होतं ते आज किंचित उकललेलं.

आणि रंग. क्रोटनचं कोवळं पान जन्मतः रंगीत नसतं. ते हिरवं-पिवळं निघतं, काही दिवस कुठलंही साधं पान वाटतं. जसं वय होतं, जसं ऊन लागतं, तसा तांबडा त्यात चढतो, शिरांमधून आधी, मग पसरत. त्याच झाडावर वरचं पान पोपटी, मधलं पिवळं, खालचं गडद. सावलीत ठेवलं तर हे पुरतं होत नाही, झाड जगतं पण हिरवंच राहतं. गुटीचं एक झाड नणंदेनं पुण्याला नेलं. तिच्या गॅलरीत सकाळचं तासाभराचंच ऊन. तिथे ते हिरवं, त्यावर पिवळे शिंतोडे, तांबूस छटा जवळजवळ नाहीच. ती फोनवर म्हणते, आईच्या झाडासारखं दिसत नाही गं. मी तिला म्हणते, झाड तेच आहे. दुसरं अमरावतीला जाऊबाईंकडे गेलं, मोकळ्या अंगणात, आणि ते इथल्यापेक्षा लाल झालं. एकच झाड तीन घरांत तीन रंगांचं झालंय, आणि मला त्यात कमी-जास्त काही वाटत नाही. सासूबाईंना तीनही पाहायला आवडली असती.

इथल्या मूळ खोडावर आता कमरेइतक्या उंचीवर फांद्या आहेत, पानं जमिनीपासून दिसतात. शेजारच्या घरातली लहान मुलगी येऊन पिळाचं पान बोटाभोवती गुंडाळते. झाड उंच असताना तिचा हात पोहोचत नव्हता.

कित्येक घरांत दरवर्षी जूनच्या सुरुवातीला मे महिन्यात पानं गळलेलं क्रोटन मेलं म्हणून उपटून टाकतात. कुंडी रिकामी करून त्यात नर्सरीतून नवं आणतात. आठ-दहा वर्षांचं खोड कचऱ्याच्या गाडीत जातं. तुमच्या घरी असं झाड असेल तर एवढं करा. खोडावर नखानं थोडी साल खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर लागलं, तर झाड जिवंत आहे. शेंड्याकडून खाली येत एकेका फांदीला असंच पाहत या. जिथे हिरवं लागेल तिथे सुतळी बांधून खूण करा आणि कुंडी सावलीत, ओलाव्यात ठेवा. छाटायचं ते पाऊस स्थिरावल्यावर, शेंड्याशी पोपटी नोक दिसली म्हणजे, त्या खुणेपर्यंत. आणि निरोगी शेंडे फाटकाबाहेर टाकू नका. खालची पानं काढून, चीक धुऊन ते वाळू-मातीच्या कुंडीत खोचा आणि सावलीत ठेवा. श्रावणाच्या हवेत त्यांना मुळं धरतात, आणि पोळ्यापर्यंत ती कुंडी कुणाला तरी देण्याजोगी होते.